स्वस्त कॅमेऱ्यातून सिनेमासारखं चित्र: कॅमेरा बदलण्याआधी खोलीतला प्रकाश बदला

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. कळव्याचा वन-बीएचके फ्लॅट, ठाण्यातल्या तलावपाळीवरची एक संध्याकाळ आणि लोकलचा प्रवास, एवढ्यात घडणारी बारा मिनिटांची शॉर्टफिल्म जुलैत शूट करायची आहे. हाताशी सेकंडहँड घेतलेला कॅनन २००डी, त्याच्यासोबतची १८-५५ लेन्स आणि ५० मिमीची एफ १.८ लेन्स आहे. चाचणी म्हणून आई आणि धाकट्या भावाचा स्वयंपाकघरातला प्रसंग शूट केला, तर तो बारशाच्या व्हिडिओसारखा आला. आता साठवलेल्या पैशांतून मोठ्या सेन्सरचा, म्हणजे फुल फ्रेम कॅमेरा घ्यावा का?

या फिल्मसाठी घेऊ नका. तुम्ही त्या चाचणीचं जे वर्णन केलंय त्यातच कारण आहे: दोन्ही ट्यूबलाइट चालू, आई भिंतीला टेकून उभी, मागची खिडकी पांढरीफटक. महागड्या कॅमेऱ्याने हाच प्रसंग याच दिव्यांत टिपला असता तरी तो सपाटच आला असता. फार तर खिडकीबाहेरची झाडं थोडी दिसली असती.

मी घोडबंदर रोडवरच्या मालिकांच्या सेटवर बरीच वर्षं लाइटिंग केलं आणि आता छोट्या फिल्मचं कॅमेराकाम करतो. त्यामुळे माझं उत्तर प्रकाशाकडे झुकलेलं आहे, पण ते आवडीपोटी नाही. स्वस्त कॅमेरा ठरावीक ठिकाणीच हरतो. खूप उजेड आणि खूप अंधार एकाच फ्रेममध्ये आला की तो एक टोक गमावतो. उजेड कमी पडला की त्यात दाणे येतात. बारीक रेघा त्याला झेपत नाहीत. पटकन फिरवला की उभ्या रेषा तिरक्या होतात. आणि रंग नंतर फार ओढले की तुटतात. या जागा माहीत असतील तर शॉट असा लावता येतो की कॅमेऱ्याला तिथे जावंच लागत नाही. सिनेमाच्या चित्राची निम्मी भिस्त या आखणीवर असते.

सेन्सर म्हणजे कॅमेऱ्यातली चित्र टिपणारी चिप. तिच्याबद्दलचा गैरसमज आधी दूर करतो, कारण तुमचे पैसे तिकडेच जाणार आहेत. मोठा सेन्सर म्हणजे सिनेमा, हे समीकरण २००८ मध्ये कॅनन ५डी मार्क २ आल्यानंतर रुजलं. त्याआधी २००२ मध्ये पॅनासॉनिकचा डीव्हीएक्स१०० आला होता. त्याचे सेन्सर १/३ इंच श्रेणीतले, म्हणजे अगदी छोटे होते आणि तरीही स्वतंत्र फिल्मवाले त्याच्यावर तुटून पडले, कारण परवडणाऱ्या किमतीत सेकंदाला २४ पूर्ण फ्रेम देणारा तो पहिला कॅमकॉर्डर होता. म्हणजे सिनेमासारखं वाटणं आधी हालचालीतून आलं आणि पार्श्वभूमी धूसर करणं नंतर. शिवाय ३५ मिमी फिल्मवर शूट होणाऱ्या चित्रपटांच्या निगेटिव्हवरची फ्रेम साधारण २२ ते २५ मिमी रुंद असायची. तुमच्या २००डीचा सेन्सर २२.३ मिमी रुंद आहे आणि फुल फ्रेम ३६ मिमी. सिनेमाच्या मापाच्या जवळचा कॅमेरा तुमच्याकडे आधीच आहे.

आता सेटिंग. यात फार वेळ घालवायचा नाही, पण एकदा नीट लावून ठेवायचं आणि शूट संपेपर्यंत हलवायचं नाही.

मेनूत व्हिडिओ सिस्टिम ‘पाल’ (PAL) करा आणि सेकंदाला २५ फ्रेम निवडा. शटर, म्हणजे प्रत्येक फ्रेमला उजेड मिळण्याचा वेळ, १/५० सेकंद. बोलपट आल्यापासून सिनेमा २४ फ्रेमने चालतो आणि २४-२५ मधला फरक डोळ्याला कळत नाही. शटर फ्रेमरेटच्या दुप्पट ठेवण्याचं कारण हालचालीत आहे: चालणाऱ्या माणसाचा हात प्रत्येक फ्रेममध्ये थोडा फरपटलेला दिसला की आपल्याला तो ओळखीचा, सिनेमातला वाटतो. १/५०० वर तोच हात कोरल्यासारखा स्पष्ट आणि झटके देत हलतो. मोबाइलच्या व्हिडिओत भर उन्हात असंच दिसतं. १/५० चा आपल्याकडे आणखी एक फायदा आहे. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूब आणि बरेचसे एलईडी सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. १/५० सेकंदात बरोबर दोन स्पंदनं बसतात आणि प्रत्येक फ्रेमला सारखाच उजेड मिळतो. परदेशी व्हिडिओ पाहून १/६० लावलं की ट्यूबखाली आडवे पट्टे दिसायला लागतात. दुकानांच्या काही एलईडी पाट्या मात्र वेगळ्याच वेगाने लुकलुकतात. त्यांच्यासमोर शॉट लावण्याआधी दहा सेकंद रेकॉर्ड करून मोठ्या पडद्यावर बघा.

पिक्चर स्टाइल न्यूट्रल, शार्पनेस शून्यावर, कॉन्ट्रास्ट पूर्ण खाली, सॅच्युरेशन दोन पायऱ्या खाली. ऑटो लायटिंग ऑप्टिमायझर बंद. यातला शार्पनेस सगळ्यात महत्त्वाचा. ‘व्हिडिओसारखं दिसतं’ असं आपण म्हणतो तेव्हा बहुतेकदा केसांच्या आणि खांद्यांच्या कडेला कॅमेऱ्याने स्वतःहून काढलेली पांढरी रेघ डोळ्याला टोचत असते. ती एकदा रेकॉर्ड झाली की नंतर निघत नाही. मऊ चित्र नंतर थोडं धारदार करता येतं. मोबाइलवर शूट करणाऱ्यांना हाच त्रास दुपटीने होतो. तिथे ब्लॅकमॅजिकचं मोफत कॅमेरा अॅप वापरून शटर, आयएसओ (उजेडाला कॅमेरा किती संवेदनशील ते) आणि रंग कुलूपबंद करावेत.

व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरं पांढरंच दिसावं यासाठीचं सेटिंग, ऑटोवर कधीच नको. आई ओट्यापासून दारापर्यंत चालत गेली आणि वाटेत भिंतीचा रंग बदलला, की सगळं लक्ष तिथे जातं. आयएसओ १६०० च्या वर शक्यतो नेऊ नका. २००डीत झेब्रा (फार उजळ भागावर उमटणारे इशाऱ्याचे पट्टे) नाही, पण रेकॉर्डिंग सुरू करण्याआधी हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाचा आलेख दिसतो. उजवीकडचं टोक कापलं जात असेल तर एक्स्पोजर खाली घ्या. परदेशी ट्यूटोरियलमध्ये त्वचेचा उजळपणा ७० टक्क्यांवर ठेवायला सांगतात, ते गोऱ्या कातडीचं माप आहे. आपला सावळा, गव्हाळ रंग ४५ ते ६० मध्ये सुंदर दिसतो. ७० वर नेला तर चेहरा फिकट पडतो आणि कपाळावरची चमक फुटते, म्हणजे निव्वळ पांढरी होते.

फोकससाठी फरशीवर टेपने खुणा करा. चेहऱ्यावर टच करून फोकस बसवा आणि मग ऑटोफोकस बंद करा. आणि शॉट सुरू असताना झूम करू नका. तुमची १८-५५ लेन्स १८ वर एफ ४ असते आणि ५५ ला पोचेपर्यंत एफ ५.६ होते. एफचा आकडा मोठा तितका आत येणारा उजेड कमी, म्हणजे झूमसोबत चित्र काळवंडतं. पूर्ण फिल्म दोन फोकल लांबींवर करा असं मी सुचवेन: १८-५५ वर २४ मिमीच्या आसपास आणि ५० ची प्राइम, म्हणजे झूम न होणारी लेन्स. प्रेक्षकाला याचं कारण कळत नाही, पण फिल्मला एक नजर आहे असं जाणवतं.

आता घराकडे येऊ. तुमची फिल्म मुख्यतः तिथे आहे आणि आपल्याकडच्या नवख्या फिल्म सगळ्यात जास्त तिथेच कोसळतात.

कळव्या-ठाण्याच्या फ्लॅटचा मोठा शत्रू म्हणजे पांढरा रंग. दहा बाय दहाची खोली, चारही भिंती आणि छत पांढरं, मधोमध ट्यूब. उजेड सगळीकडे आपटून परत येतो आणि कोपऱ्यातला टीव्ही, कॅलेंडर, आईचा चेहरा, फ्रिज यांना सारखाच वाटला जातो. कुठे बघायचं हे डोळ्याला कळत नाही. म्हणून पहिलं काम: छतावरचे सगळे दिवे बंद. खोली अंधारी झाली की घाबरायचं नाही. आता तुम्हाला ठरवायचंय की काय दाखवायचं, आणि त्याहून जास्त, काय अंधारात ठेवायचं.

स्वयंपाकघरात बहुतेकदा ओट्याच्या वर किंवा शेजारी खिडकी असते. जुलैतलं ढगाळ आकाश म्हणजे तुम्हाला फुकट मिळालेला भलामोठा मऊ दिवा. आईला ओट्याशी उभं करा, चेहरा अर्धा खिडकीकडे. कॅमेरा खिडकीच्या बाजूला नको, उलट बाजूला ठेवा, म्हणजे तिच्या चेहऱ्याची सावलीतली बाजू आपल्याकडे येईल आणि उजेड पलीकडच्या गालावरून, नाकाच्या कडेवरून वळून येताना दिसेल. या एका बदलाने चेहऱ्याला गोलाई येते. खिडकी स्वतः फ्रेममध्ये येत असेल तर बाहेरून किंवा आतून तिच्यावर बटर पेपर लावा, एक थर कमी पडला तर दोन. ग्रिलची आकृती मागून उमटली तर उमटू द्या, छान दिसते.

मग कॅमेऱ्याच्या बाजूची पांढरी भिंत काळ्या कापडाने झाका. फ्रेमच्या बाहेर, पण चेहऱ्याच्या शक्य तितकी जवळ. जाड काळी चादर, घोंगडी, काहीही चालेल. उजेड वाढवण्याची साधनं सगळे विकत घेतात. उजेड शोषून घेणारं कापड मात्र कुणी आणत नाही, आणि पांढऱ्या खोलीत तेच सगळ्यात जास्त काम करतं. सावलीची बाजू फारच काळी झाली तर टीव्ही-फ्रिजच्या खोक्यातलं थर्माकोल लांबून दाखवा आणि हळूहळू जवळ आणा. कुठे थांबायचं ते मॉनिटरवर बघूनच ठरवा.

आई भिंतीला टेकली होती, हा दुसरा मुद्दा. ओटा हलवता येत नाही, पण कॅमेरा हलतो. भिंतीकडे तोंड करून शूट करण्याऐवजी स्वयंपाकघराच्या लांबीच्या दिशेने बघा, म्हणजे आईच्या मागे दार, दारामागे पॅसेज आणि पॅसेजच्या टोकाला हॉल दिसेल. वन-बीएचकेत सुद्धा असा वीस-पंचवीस फुटांचा एक कोन सापडतोच. भावाला त्या पॅसेजमध्ये उभं करा आणि हॉलमध्ये एक वॉर्म व्हाइट बल्ब लावून ठेवा. कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स ‘डेलाइट’वर असेल तर खिडकीचा उजेड स्वच्छ, किंचित निळसर दिसेल आणि २७०० केल्विनचा बल्ब पिवळाधमक (केल्विन हे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा लहान तितका उजेड पिवळा). आई थंड उजेडात, भाऊ उबदार उजेडात, मधे अंधाराचा पट्टा. संवादाआधीच प्रसंगात काहीतरी घडायला लागतं, आणि खर्च एका बल्बचा.

फ्रेममध्ये दिसणारे दिवे कमी वॉटचे घ्या, दोन-तीन वॉटचे. नऊ वॉटचा उघडा बल्ब पडद्यावर पांढरं भोक दिसतो. देव्हाऱ्यातला झिरोचा बल्ब किंवा समई मागे धूसर ठेवली तर मराठी घरात ती परकी वाटत नाही आणि अंधाऱ्या कोपऱ्याला खोली देते. ‘कूल डेलाइट’ लिहिलेले ६५०० केल्विनचे घरगुती बल्ब चेहऱ्यासाठी टाळा. स्वस्तातल्या बल्बमध्ये तांबडा रंग तोकडा असतो आणि त्वचा आजारी दिसते. भाड्याने एलईडी घेताना सीआरआय (त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचं माप) ९५ किंवा अधिक आहे का, एवढं विचारा.

एलईडी लागणारच आहे, कारण जुलैत ढग सरकतात आणि दोन तासांत खिडकीचा उजेड दोनदा बदलतो. एक एलईडी खिडकीच्या बाजूलाच, खिडकीच्याच दिशेने, बटर पेपरच्या मागे लावा. आकाश मंदावलं की तो वाढवायचा. दिवा चेहऱ्याच्या जितका जवळ, तितकी मागची भिंत काळी राहते, कारण प्रकाश अंतराच्या वर्गाने घटतो. दिवा चेहऱ्यापासून दोन फुटांवर आणि भिंत दिव्यापासून आठ फुटांवर असेल तर भिंतीवर चेहऱ्याच्या सोळाव्या हिश्शाएवढाच उजेड पोचतो, म्हणजे चार स्टॉप कमी (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा). दिवा सहा फूट मागे नेला तर चेहरा आठ फुटांवर आणि भिंत चौदा फुटांवर. उजेडातला फरक जेमतेम दीड स्टॉप उरतो आणि भिंत पुन्हा उजळते. छोट्या खोलीत दिवा लांब ठेवण्याची सवय सगळ्यांना असते, कारण तो फ्रेममध्ये येईल अशी भीती वाटते. फ्रेमच्या काठाला चिकटून ठेवा. आला तर शॉट थोडा घट्ट करा.

हे सगळं साध्या वस्तूंनी होतं यावर विश्वास बसत नसेल तर आपल्याच सिनेमाचा इतिहास बघा. सत्यजित राय यांच्या १९५६ च्या ‘अपराजितो’साठी कॅमेरामन सुब्रत मित्रांना बनारसच्या घरातल्या चौकाचा सेट स्टुडिओत उजळायचा होता. तसल्या चौकात वरून आकाशाचा मऊ उजेड पडतो आणि सावल्या जवळजवळ नसतात. त्यांनी सेटवर पांढरं कापड ताणून बांधलं आणि दिवे त्याच्यावर मारून परतलेला उजेड वापरला. आज जगभर बाउन्स लाइटिंग म्हणतात ते हेच. ‘कागज़ के फूल’ (१९५९) मधला प्रकाशाचा तो प्रसिद्ध झोत कॅमेरामन व्ही. के. मूर्तींनी आरशांवरून सूर्यप्रकाश आत वळवून मिळवला. पावसाने उघडीप दिली तर बाल्कनीत कपाटाचा जुना आरसा धरून ऊन हॉलमध्ये वळवून बघा. थोडा उदबत्तीचा धूर सोडला की झोत दिसायला लागतो.

भिंतीबद्दल आणखी थोडं. फ्रेममधून वस्तू काढा. लाल प्लास्टिकची बादली, चमकदार स्टिकर, कंपनीचं कॅलेंडर, चार्जरच्या वायरी. घर खोटं वाटेल इतकं रिकामं करायचं नाही, पण प्रत्येक वस्तू कुणीतरी निवडून ठेवली आहे असं वाटलं पाहिजे. भिंतीवर उभं-आडवं गडद काहीतरी टांगा: जुनी साडी, पडदा, लाकडी कपाट मागे ओढा. कपड्यांत शुभ्र पांढरा नको, कारण बनियन आणि शाळेचा शर्ट चेहऱ्याआधी फुटतात. चहाच्या पाण्यात बुडवून सुकवला की प्रश्न सुटतो. बारीक चौकडीचा शर्ट, बारीक रेघांची साडी आणि खिडकीची मच्छरजाळी यांच्यावर २००डीच्या एचडी चित्रात इंद्रधनुषी लाटा उठतात, ज्याला मॉरे म्हणतात. त्या नंतर काढता येत नाहीत. जाळी शूटपुरती उतरवा आणि भावाला सुती, एकरंगी शर्ट द्या.

घराबाहेर पडलं की एनडी फिल्टर, म्हणजे लेन्सवर लावायची, उजेड कमी करणारी गडद काच लागते. भर उन्हात आयएसओ १०० आणि शटर १/५० ठेवलं तर योग्य एक्स्पोजर एफ २२ ला येतं. एफ ४ वर शूट करायचं तर पाच स्टॉप कापावे लागतात, म्हणजे एनडी ३२. एफ २.८ ला एनडी ६४. फिल्टर नसला की लोक शटर वाढवतात आणि वर सांगितलेली कोरडी, झटकेदार हालचाल पदरी पडते. स्वस्त व्हेरिएबल एनडी मी घेऊ देणार नाही. दोन पोलरायझर एकमेकांवर फिरवून तो बनतो, टोकाला नेला की फ्रेमवर काळी फुली उमटते आणि त्वचेवर हिरवट छटा येते. ढगाळ दिवसासाठी एनडी ८ आणि उन्हासाठी एनडी ३२, असे दोन साधे फिल्टर पुरतात. १८-५५ ला ५८ मिमीचा फिल्टर बसतो आणि ५० ला ४९ मिमीचा. ५८ चेच घ्या आणि ४९ वरून ५८ ची स्टेप-अप रिंग लावा.

जुलैत दुपारी बाराच्या सुमारास आपल्याकडे सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. ढग नसतील तर डोळ्यांच्या खोबणी काळ्या होतात आणि नाकाची सावली ओठांवर येते. तो वेळ जेवणाला किंवा घरातल्या प्रसंगांना द्या. कळव्यात सकाळी पारसिकच्या डोंगरामुळे ऊन जरा उशिरा उतरतं, त्यामुळे सकाळचा मऊ उजेड थोडा जास्त टिकतो. त्याचा उपयोग करून घ्या.

तलावपाळीच्या प्रसंगासाठी मासुंदा तलावाच्या पूर्वेच्या काठावर उभं राहून पश्चिमेकडे बघा. जुलैत सूर्यास्त सव्वासातच्या सुमारास होतो, पण त्या बाजूला येऊरचे डोंगर असल्यामुळे थेट ऊन थोडं आधीच जातं आणि आकाश मात्र उजळ राहतं. सूर्य बुडाल्यावर पुढची वीस-पंचवीस मिनिटं तुमची. त्यातही मधली दहा-बारा मिनिटं सोन्यासारखी, कारण तेव्हा आकाशाचा निळा उजेड आणि दुकानांचे, रस्त्याचे दिवे एकमेकांच्या तोडीचे असतात. स्वस्त कॅमेऱ्याला एरवी न झेपणारी रात्र या वेळात झेपते: आकाशात रंग असतो, पाण्यात प्रतिबिंब असतं, चेहऱ्यावर पाणीपुरीच्या गाडीचा दिवा पडतो. पूर्ण अंधार झाल्यावर तोच शॉट घेतला तर काळ्या आकाशात दाणे नाचतात. आपल्या अक्षांशांवर संधिप्रकाश फार काळ रेंगाळत नाही, त्यामुळे तालीम साडेपाचला करा, कॅमेऱ्याच्या जागा खडूने आखा आणि त्या मिनिटांत एका शॉटहून जास्त अपेक्षा ठेवू नका. प्रसंगाला चार शॉट हवे असतील तर दोन-तीन संध्याकाळी जा. पाऊस पडून गेला असेल तर खुशाल खाली वाका. ओल्या रस्त्यावर समोरून येणारा उजेड पडला की साधा डांबरी रस्ता भरून येतो. मोठ्या युनिटला त्यासाठी टँकर आणावा लागतो.

कॅमेरा हलवण्याबद्दल. चांगला फ्लुइड हेडचा, म्हणजे न अडखळता फिरणाऱ्या डोक्याचा ट्रायपॉड गिंबलच्या (हातातला कॅमेरा स्थिर ठेवणाऱ्या यंत्राच्या) आधी घ्या. पॅन करायचा, म्हणजे कॅमेरा जागेवरच आडवा फिरवायचा, तर एखादी वस्तू फ्रेमच्या एका काठावरून दुसऱ्या काठाला पोचायला सुमारे सात सेकंद लागतील इतका सावकाश करा, नाहीतर २५ फ्रेमवर चित्र धडधडतं. माणूस चालतोय त्याच्यासोबत पॅन करताना ही अट थोडी सैल होते, कारण डोळा माणसावर असतो. सोसायटीच्या गुळगुळीत लॉबीत व्हीलचेअरवर बसून घेतलेला ट्रॉली शॉट मी अनेकदा वापरला आहे. टायरमधली हवा थोडी कमी केली की तो फार छान जमतो.

लोकल आणि फलाटावर परवानगीशिवाय कॅमेरा लावू नका. रेल्वेची परवानगी घ्यावी लागते आणि छोट्या युनिटला तो वेळ-खर्च झेपत नाही. शिवाय फलाटावरून धडधडत जाणारी गाडी २००डीवर आडवी टिपली की सेन्सर ओळीओळीने वाचला जात असल्यामुळे डब्यांच्या खिडक्या तिरक्या होतात. तुम्ही लिहिलंय की प्रवासात नायक एकटाच आहे आणि रात्र आहे. मग गाडी खोलीतच उभी करा. त्याला काळ्या कापडासमोर बाकावर बसवा, चेहऱ्याच्या बाजूला खिडकीची दोन-तीन आडव्या सळयांची चौकट धरा. एलईडीसमोरून मोठा पुठ्ठा, ज्यात उभ्या फटी कापल्या आहेत, एकाच लयीत सरकवत राहा. दुसऱ्या माणसाने मधेच एक उबदार टॉर्च वेगाने फिरवायचा, तो समोरून आलेल्या गाडीचा किंवा फलाटाचा दिवा. तिसऱ्याने बाक अगदी हलका हलवायचा. ५० च्या लेन्सवर घट्ट क्लोजअप घ्या आणि खाली लोकलचा खरा आवाज टाका. कळवा खाडीच्या पुलावरून गाडी जाताना आवाज पोकळ होतो, तो डब्यात बसून फोनवर रेकॉर्ड करा. त्या आवाजानेच ठाणेकर प्रेक्षक डब्यात बसतो.

एडिटसाठी दा विंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती पुरेशी आहे. तुमचं फुटेज ८ बिटचं आहे, म्हणजे प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या. १० बिटमध्ये त्या १०२४ असतात. म्हणून आकाशाला आणि रिकाम्या भिंतीला नंतर फार ओढलं की पट्टे पडतात. एक्स्पोजर सारखं करा, मग कॉन्ट्रास्ट, मग रंग, याच क्रमाने, आणि वेव्हफॉर्म (चित्रातल्या उजेडाचा आलेख) उघडा ठेवून. नेटवर मिळणारे बरेचसे सिनेमॅटिक लट (LUT, रंगांचे तयार साचे) लॉग फुटेजसाठी, म्हणजे मुद्दाम फिकं रेकॉर्ड केलेल्या चित्रासाठी बनवलेले असतात. २००डीत लॉग नाही, त्यामुळे ते लावले की काळं चिकट होतं आणि चेहरा केशरी. व्हेक्टरस्कोपवर, म्हणजे रंगांच्या गोल आलेखावर, त्वचेची एक रेषा असते. माणूस गोरा असो की काळा, रंगछटा त्याच रेषेच्या आसपास पडते, आणि चेहरा तिथे आणल्यावर उरलेलं चित्र आपसूक जागेवर येतं. वर-खाली काळ्या पट्ट्या लावायच्या असतील तर शूट करतानाच त्या मापात फ्रेम लावा. १९२० बाय १०८० मध्ये रुंद सिनेमाच्या चित्राला ८०४ ओळीच मिळतात, नंतर कापलं की डोकी जातात. तुमच्या छोट्या खोल्यांसाठी मी पट्ट्या लावणारच नाही. तिथे छताची उंची आणि खालची फरशी दोन्ही हवी.

कॅमेरा एसीच्या थंड खोलीतून थेट बाहेरच्या दमट हवेत नेऊ नका. झिप बंद केलेल्या पिशवीत अर्धा तास ठेवा, नाहीतर लेन्सवर आतून वाफ धरते. शूट झाल्यावर सिलिका जेलच्या हवाबंद डब्यात. कोकणपट्टीच्या हवेत लेन्सला बुरशी धरायला एक पावसाळा पुरतो आणि सेकंडहँड लेन्समध्ये ती आधीपासून असू शकते. टॉर्च मागून मारून आत जाळं दिसतं का बघा.

पैशांचं म्हणाल तर फुल फ्रेमसाठी साठवलेल्या रकमेतला छोटा भागच लागेल: ट्रायपॉड, दोन एनडी आणि रिंग, बटर पेपरचा रोल, पंधरा-वीस फूट जाड काळं कापड, वॉर्म बल्ब. दोन चांगले एलईडी, स्टँड आणि कॉलर माइक शूटच्या दिवसांपुरते भाड्याने आणा. उरलेल्यातून युनिटला वेळेवर गरम जेवण द्या आणि लाइटसाठी एक अनुभवी मुलगा दोन दिवस पगारावर घ्या. शूटच्या आधीच्या रविवारी तोच स्वयंपाकघराचा प्रसंग पुन्हा लावा: ट्यूब बंद, कॅमेरा सावलीच्या बाजूला, मागे पॅसेज, फ्रेमबाहेर काळं कापड. आधीच्या चाचणीच्या शेजारी तो टीव्हीवर लावून बघा, आणि आईच्या चेहऱ्याची सावलीतली बाजू किती काळी ठेवायची हे तिथेच, सगळ्यांसमोर ठरवा.